जागल्याची हजेरी कोण घेणार?

गेल्या पंधरवड्यात डोईफोडिया येथे आमची एक सभा झाली. सभा कसली, पारावर जमलेली साठ-सत्तर माणसे! वादळाने केळी आडवी झाली, विम्याचे पैसे अडले, मुलांस मराठीतून शिकवावयास मास्तर नाही, अशी नित्याची गाऱ्हाणी निघाली. बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीतील हे गाव. सातपुड्याच्या अंगावर वसलेले, आणि नावातच आपली मराठी डोई घेऊन बसलेले. सभेच्या मागच्या बाजूस निंबाला टेकून एक गृहस्थ वहीत काही टिपून घेत होते. सीमाभागात सभा भरविणाऱ्यांस हे गृहस्थ नवे नाहीत. माणूस बदलतो, वही तीच असते. सभा आटोपताच त्यांनी जवळ येऊन दोन वक्त्यांची नावे अदबीने विचारून घेतली, आम्ही ती सांगितली, गावकऱ्यांनी त्यांस चहा पाजला आणि ते मोटारसायकलवर बसून निघून गेले. ते कोणत्या राज्याच्या कोणत्या खात्याचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ते दिसेनासे झाल्यावर एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "भाऊ, त्यानं आमचं काय लिवलं, ते आमाले कधी वाचाले भेटन?"

मंडळी हसली, आम्हीही हसलो. पण रात्री परतताना तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. पदवीसाठी आम्ही इतिहास व राज्यशास्त्र घोकले, वीस वर्षे अग्रलेख लिहिले, आणि एका अल्पशिक्षित शेतकऱ्याच्या या प्रश्नास आमच्यापाशी सरळ उत्तर नव्हते. उत्तर होते ते असे की, बाबा, तुला ते कधीच वाचावयास मिळणार नाही. आणि याहून लाजिरवाणी गोष्ट ही की, तुझ्या वतीने ते वाचून 'हे बरोबर लिहिले, हे चूक लिहिले, हे लिहिण्याचा अधिकारच नव्हता' असे सांगणारा, त्या खात्याबाहेरचा एकही मनुष्य या देशाच्या कायद्याने नेमलेला नाही.

१९५७ व १९५८ साली त्या वेळच्या मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासाची साधने म्हणून इंग्रजीत खंड प्रसिद्ध केले. जुन्या पोलिसी गोषवाऱ्यांतील कितीतरी मजकूर त्यांत आहे. लोकमान्य टिळकांच्या मागे लागलेल्या हेरांनी कोणत्या सभेविषयी काय टिपले, हे तेथे मराठी वाचकास प्रथमच पाहावयास मिळाले. म्हणजे टिळकांच्या बाबतीत आमच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले खरे. पण ते लिहिणारे राज्य बुडाल्यावर, आणि टिळक जाऊन सदतीस वर्षे उलटल्यावर. स्वराज्यातील नागरिकानेही तितकेच थांबावे काय?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही गुप्तवार्ता खात्याचे वैरी नाही. राज्य म्हटले की हेर आलेच. ज्या देशाच्या सीमेवर दोन शेजारी टपून बसले आहेत, त्याने डोळे व कान उघडे ठेवू नयेत असे म्हणणारा एक तर भाबडा असला पाहिजे किंवा लबाड. शेताला जागल्या हवा, याबद्दल वाद नाहीच. वाद आहे तो जागल्याची हजेरी घेण्याबद्दल. तो रात्री जागा होता की झोपला होता, आणि रानडुकरांऐवजी शेजाऱ्याच्या अंगणात डोकावत होता काय, हे पाहणारा कोणी आहे की नाही?

हे जुन्यांस कळत होते. कौटिल्याने सांगून ठेवले आहे की, परस्परांस न ओळखणाऱ्या तीन हेरांची वार्ता जुळली तरच ती खरी मानावी, आणि ज्यांची वार्ता वारंवार खोटी ठरते त्यांस दूर करावे. मोगलांनी प्रत्येक सुभ्यात उघड वाकेनवीस ठेवला आणि त्याच्यावर नजर म्हणून गुप्त खुफियानवीस ठेवला. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत वाकेनीस हा स्वतंत्र प्रधान होता; बातमीचे खाते एखाद्या शिलेदाराच्या कमरेला बांधून ठेवलेले नव्हते.

आणि बातमी चुकली तर काय होते, याचा जाब विचारण्याचा पहिला मोठा प्रसंग आमच्या या बुऱ्हाणपूरनेच घडविला आहे. १६८१ सालच्या जानेवारीअखेर, संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकास जेमतेम दोन आठवडे झाले होते, तोच मराठी फौज बुऱ्हाणपुरावर कोसळली. बहादुरपुऱ्यासारखी श्रीमंत पुरे तिने धुऊन नेली. खाफी खान लिहितो त्याचा आशय असा की, फौज इतक्या अचानक आली की जळत्या घरांचा धूर दिसेपर्यंत शहरास तिची वार्ता नव्हती. मराठी मनास या हकिगतीचा अभिमान वाटतो, आम्हांसही वाटतो. परंतु क्षणभर ती लुटल्या गेलेल्या नागरिकाच्या बाजूने वाचावी. शहरातील मौलवी व प्रतिष्ठित मंडळींनी बादशहास अर्ज धाडला की, आमच्या जीविताचे व वित्ताचे रक्षण होत नसेल तर आम्ही शुक्रवारची नमाज बंद करतो. बादशहाच्या नावाने खुतबा वाचणे बंद करणे, हा त्या काळचा अविश्वासाचा ठराव होय! औरंगजेबासारख्या एकतंत्री बादशहाने तो अर्ज केराच्या टोपलीत टाकला नाही. त्याने सुभेदार खानजहानास खरमरीत शब्दांत झापले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन दाखल झाला. पुढे तो दख्खनेत कसा रुतला, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

आता लोकशाहीकडे वळू. १९६२ साली चीनने हिमालय ओलांडला. पराभवाची कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर भगत यांची समिती बसली. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' म्हणून दिल्लीस गेलेले आमचे यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते. सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी लोकसभेत निवेदन केले आणि गुप्तवार्ता गोळा करण्याचे काम समाधानकारक नव्हते, वार्ता उशिरा आली व मोघम आली, एवढे मोकळेपणे कबूल केले. त्या कबुलीबद्दल यशवंतरावांस श्रेय दिलेच पाहिजे. परंतु मूळ अहवाल कपाटात गेला तो गेलाच. २०१० साली, म्हणजे सत्तेचाळीस वर्षांनंतर, त्या वेळच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितले की त्यातील मजकूर अजूनही लष्करीदृष्ट्या नाजूक आहे. २०१४ साली एका परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग जगासमोर मांडला. जगाने वाचला, चीननेही वाचला असेल. ज्यांची मुले त्या बर्फात राहिली, त्या भारतीय मातापित्यांस मात्र सरकारने तो दाखविला नाही.

एक अपवाद आहे, आणि तो नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. कारगिलचे युद्ध संपताच जुलै १९९९ मध्ये के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने काही महिन्यांत काम उरकले, फेब्रुवारी २००० मध्ये अहवाल संसदेपुढे आला आणि पुस्तकरूपाने दुकानांतही मिळू लागला. नाजूक भाग वगळले होते. ते वगळावयासच हवे होते. शत्रूची घुसखोरी आपल्या यंत्रणांस वेळेवर का कळली नाही, हे त्यात लिहिले होते. मग काय आकाश कोसळले? त्यातूनच पुढे मंत्रिगटाचा अहवाल आला, संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली, तांत्रिक संशोधनाची संघटना उभी राहिली. संस्था वाढल्या, अधिकार वाढले. पण त्या मंत्रिगटाचे गुप्तवार्तेवरील प्रकरण जनतेसाठी छापलेल्या प्रतीतून गाळले गेले, आणि या वाढत्या संस्थांवर देखरेख कोणी ठेवावयाची, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

मुंबईचे दुःख तर ताजेच आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रातून आलेल्या दहा हल्लेखोरांनी १६६ माणसे मारली. महाराष्ट्र सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान व गुप्तचर खात्यातील निवृत्त अधिकारी व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. एप्रिल २००९ मध्ये तिने अहवाल दिला. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो, मोठी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, अशा सूचना आधीच्या दोन वर्षांत येऊन पडल्या होत्या. त्यांचे पुढे काय झाले, हा त्या चौकशीचा गाभा. सरकारने काय केले? प्रथम अहवाल झाकून ठेवून केवळ कार्यवाहीचा तक्ता विधिमंडळापुढे ठेवला. अहवाल बाहेर फुटला, तेव्हा कोठे डिसेंबर २००९ मध्ये तो सभागृहात मांडणे भाग पडले. याहून मोठी उणीव अशी की, दिल्लीच्या गुप्तचर संस्था या समितीच्या कक्षेतच नव्हत्या. सूचना पोहोचल्या त्या टोकाची तपासणी झाली, सूचना निघाल्या त्या टोकाची झाली नाही. मुंबईच्या हवालदाराने काय चुकविले हे आम्हांस कळले. दिल्लीच्या कचेरीत कोणते कागद जुळविले गेले नाहीत, हे सांगणारी चौकशी नेमली गेलीच नाही. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर उभय पक्षांचा आयोग बसला, त्याने तेथील सर्वोच्च हेरसंस्थांची झाडाझडती घेतली आणि २००४ साली त्याचा अहवाल सामान्य वाचकांनी पुस्तकाच्या दुकानांत रांगा लावून विकत घेतला. त्या देशाचे सारेच आम्हांस पटते असे नाही, पण हे पटते.

आतापर्यंत आम्ही बोललो ते जागल्या झोपल्याबद्दल. तो भलत्याच अंगणात शिरल्याची कथा याहून कडू आहे. आणीबाणीनंतर न्यायमूर्ती शहा यांच्या आयोगाने १९७८ साली आपल्या अहवालात गुप्तवार्ता खाते व केंद्रीय अन्वेषण खाते यांचा राजकीय कामासाठी वापर झाल्याचे दाखवून दिले. त्यावर उपाय सुचविण्यास माजी गृहसचिव एल. पी. सिंग यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल अद्याप प्रकाशात नाही. गुप्तवार्ता खाते १८८७ साली परकीय राजवटीत एका हुकुमाने जन्मास आले, आणि संसदेने त्याची कार्यकक्षा ठरविणारा कायदा आजतागायत केलेला नाही. ग्रामपंचायतीच्या शिपायाचे कर्तव्य कायद्यात सापडते, परंतु देशभर नजर ठेवणाऱ्या खात्याचे सापडत नाही! कर्नाटकातील एका निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्यानेच यावर तेथील उच्च न्यायालयाचे दार ठोठावले होते, हे विशेष. मनीष तिवारी यांनी २०११ साली लोकसभेत खाजगी विधेयक आणले; ते इतर खाजगी विधेयकांच्या वाटेने गेले.

दूरध्वनी चोरून ऐकण्यापुरते तरी काही नियम आहेत, असे कोणी म्हणेल. आहेत. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते घालून दिले. गृहसचिवाच्या लेखी आदेशावाचून कोणाचे बोलणे ऐकू नये, आणि प्रत्येक आदेश पुनर्विलोकन समितीपुढे जावा. केंद्रात या समितीवर मंत्रिमंडळ सचिव, विधी सचिव व दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव व आणखी एक सचिव. समितीने दोन महिन्यांतून निदान एकदा बसावे. २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आला, २०२४ च्या डिसेंबरात त्याखालचे नवे नियम आले, परंतु समिती सचिवांचीच राहिली. तीत न्यायाधीश नाही, आमदार-खासदार नाही.

ही समिती काम करते कसे? १९९२-९३ च्या मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्रास सुपरिचित असलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ साली नागरिकांच्या माहितीच्या संरक्षणावर अहवाल दिला. त्यात नमूद आहे की, पुनर्विलोकन समितीपुढे एकेका बैठकीस १५ ते १८ हजार आदेश येतात, आणि हे काम तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. आम्ही पाटीवर हिशेब मांडला. तिन्ही सचिव सकाळी बसले, आठ तास जागचे हलले नाहीत, जेवले नाहीत, चहा प्याले नाहीत, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. दोन सेकंदांत 'आदेश' हा शब्दही नीट वाचून होत नाही. यास पुनर्विलोकन म्हणावयाचे असेल, तर एस.टी.च्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडांच्या मोजणीस वनविभागाची पाहणी म्हणावयास हरकत नाही.

आणि मग महाराष्ट्रात घडले ते नवल नव्हे. २०१९ च्या सुमारास राज्य गुप्तवार्ता विभागाने राजकीय नेत्यांचे दूरध्वनी ऐकल्याचा गवगवा झाला. नाना पटोले यांनी २०२१ साली विधानसभेत सांगितले की त्यांचा क्रमांक 'अमजद खान' या नावाखाली ऐकला जात होता. संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांचीही नावे निघाली. खडसे हे मुक्ताईनगरचे, म्हणजे आमच्या बुऱ्हाणपूरच्या वेशीबाहेरच्याच मुलखातले. त्या वेळच्या सरकारने चौकशी समिती नेमली, २०२२ साली पुण्यात व मुंबईत गुन्हे नोंदले गेले. नंतर सरकार बदलले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. न्यायालयाचा निर्णय आम्ही शिरोधार्य मानतो आणि कोणा अधिकाऱ्यावर आम्ही ठपका ठेवीत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. एका सरकारने समिती नेमावी, दुसऱ्याने पडदा टाकावा, यास देखरेख म्हणत नाहीत. समिती नेमणारे आणि पडदा टाकणारे, दोघेही ज्याच्या हातात दांडा त्याच्या न्यायाने वागत होते, असेच सामान्य माणसास वाटत राहिले. खोटे नाव घालून आदेश निघाला असेल तर तो पुनर्विलोकन समितीच्या नजरेस यावयास हवा होता; आणि तसे काही झालेच नसेल तर ते जाहीरपणे सांगून अधिकाऱ्याचे नाव निष्कलंक करणारी स्वतंत्र संस्था हवी होती. दोहोंपैकी काहीच झाले नाही.

याहूनही एक बोचरी गोष्ट आहे. १९८८ साली शेजारच्या कर्नाटकात दूरध्वनी ऐकण्याच्या प्रकरणात मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांस राजीनामा द्यावा लागला. मार्च १९९१ मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन साध्या वेषातील पोलीस सापडले, त्यावरून चंद्रशेखर यांचे केंद्र सरकार गडगडले. पुढाऱ्याच्या घराबाहेर दोन शिपाई दिसले की सरकार पडते. आणि डोईफोडियाच्या पारामागे वही घेऊन रोज एक शिपाई बसला, तरी कोणाच्या कानावरची माशी उठत नाही.

सीमेवरील माणसास हा प्रश्न इतरांहून अधिक जाचतो. डोईफोडियाच्या शेतकऱ्याची सोयरीक जळगाव जामोदकडे, बाजार बुऱ्हाणपूरला, मुलगा पुण्यात कामाला. त्याचा दूरध्वनी ऐकण्याचा आदेश भोपाळचा गृहसचिव देऊ शकतो, मुलाच्या बाजूने मुंबईचा गृहसचिव देऊ शकतो, आणि दोघांच्या डोक्यावर दिल्लीचा आहेच. तीन ठिकाणांहून ऐकणारे आणि तक्रार घेणारी खिडकी एकाही ठिकाणी नाही. त्यातून हा मुलूख पोलिसांच्या नजरेतला. याच तहसिलीतील पाचोरी गावाचे नाव गावठी पिस्तुलांच्या प्रकरणांत पंजाबपासून महाराष्ट्रापर्यंतच्या पोलिसांच्या कागदांवर चढलेले आहे. त्या तपासाबद्दल आमची तक्रार नाही. पिस्तुले पकडलीच पाहिजेत. पण त्याच रस्त्याने केळीचा ट्रक नेणाऱ्या निरपराध चालकाचे नाव एकदा चुकून त्या यादीत पडले, तर ते खोडावे कोणी, कोठे, कोणत्या अर्जाने?

सागफाट्याची गोष्ट वाचकांस आठवत असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये नेपानगरजवळ सागफाटा येथे रुळांवर दहा डिटोनेटर आढळले, आणि लष्कराची विशेष गाडी थांबवावी लागली. देशभर एकच हलकल्लोळ उडाला, निरनिराळ्या यंत्रणांचे अधिकारी धावून आले, दूरचित्रवाणीवर तर घातपाताचे सूत्रधारही ठरून गेले. अखेर अटक झाली ती रेल्वेच्याच एका कर्मचाऱ्यास, आणि ते डिटोनेटर धुक्यात इंजिनचालकास इशारा देण्यासाठी रेल्वे वापरते त्याच जातीचे निघाले. यंत्रणा धावून आल्या हे योग्यच झाले. परंतु त्या दिवसांत या टापूतील किती माणसांची नावे किती वह्यांत उतरली, आणि खरा प्रकार उघड झाल्यावर त्यांतील किती खोडली गेली? नाव लिहिण्याची पद्धत सर्वत्र असते, खोडण्याची कोठेच नसते.

या सगळ्यावर एक ठराविक उत्तर मिळते: हा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे, उघड चर्चा झाली तर शत्रूचे फावेल. या उत्तराची परीक्षा इतर देशांनी घेऊन ठेवली आहे. आमच्यासारख्या भाषिक चळवळीच्या पत्रास कॅनडाचे उदाहरण विशेष जवळचे वाटते. तेथे फ्रेंच भाषिकांचा क्वेबेक प्रांत आपले वेगळेपण मागत होता. त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या संघराज्याच्या पोलिसांनी १९७२ साली एक बैठक होऊ नये म्हणून शेतावरचे एक कोठारच पेटवून दिले, आणि १९७३ साली एका कायदेशीर राजकीय पक्षाच्या सभासदांची यादी रात्री चोरून नेऊन तिची नक्कल केली. तो पक्ष गुप्त कटवाल्यांचा नव्हता. तीन वर्षांनी निवडणूक जिंकून तोच क्वेबेकच्या सत्तेवर आला. प्रकरण बाहेर आले तेव्हा सरकारने न्यायमूर्ती मॅकडोनल्ड यांचा आयोग नेमला. आयोगाने पोलिसांच्या हातून ते काम काढून घ्यावे असे सांगितले, आणि १९८४ साली कायद्याने वेगळी गुप्तवार्ता संस्था निघाली व तिच्या मागोमाग तिची तपासणी करणारी वेगळी समितीही. क्वेबेक कॅनडातच आहे. देश फुटला नाही. फुटला असता तर तो कोठारे जाळणाऱ्यांमुळे फुटला असता.

अमेरिकेत १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या सत्पुरुषावर सरकारी हेरांनी कशी पाळत ठेवली, ते चव्हाट्यावर आणले. पुढच्याच वर्षी सिनेटची कायम देखरेख समिती बसली. ज्यांच्याकडून आम्ही ही खाती उसनी घेतली, त्या इंग्रजांनी १९८९ व १९९४ साली आपल्या हेरखात्यांस कायद्यात बसविले आणि त्यांवर संसद सदस्यांची समिती नेमली. दर वर्षी किती जणांवर पाळत ठेवण्याचे आदेश निघाले, याचे आकडे तेथील आयुक्त छापतो. मालकाने घर दुरुस्त केले, आणि भाडेकरू मात्र जुन्या गळक्या खोलीस परंपरा म्हणून कवटाळून बसला आहे!

जर्मनीचा दाखला तर थेट आमच्या वृद्ध शेतकऱ्यासाठीच घडला आहे. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांची दप्तरे १९९२ पासून खुली झाली आणि लोक आपापली फाइल मागून वाचू लागले. पण तेथेही राज्य बुडाल्यावरच. खरा धडा पश्चिम जर्मनीचा. तेथे १९६८ साली पत्रे व दूरध्वनी तपासण्याचा कायदा झाला, आणि पाळत संपली व कामास बाधा येण्याचा धोका उरला नाही की ज्याच्यावर पाळत होती त्यास तसे कळवावे, हे तत्त्व त्या कायद्यात रुजले. राज्य जिवंत असताना, सुरक्षित असताना, ते आपल्या नागरिकास पत्र लिहून सांगते की, आम्ही तुझे बोलणे ऐकत होतो. असे पत्र खकनारच्या टपाल कचेरीत कधी येईल काय?

आमचे मागणे अवास्तव नाही. गुप्तवार्ता खात्यास संसदेचा कायदा हवा. त्याच्यावर दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची समिती हवी, तिची बैठक बंद दाराआड होईना का, पण तीत विरोधी पक्ष हवा. दूरध्वनीच्या आदेशांवर सचिवाऐवजी न्यायाधीशाची सही हवी. आदेशांची संख्या दर वर्षी विधिमंडळात मांडली जावी; नुसत्या आकड्याने कोणताही हेर उघडा पडत नाही. आणि जे अहवाल कपाटात आहेत, १९६३ चा असो की एल. पी. सिंगांचा, ते नाजूक भाग वगळून छापावेत. माहिती अधिकाराच्या कायद्याने गुप्तचर संस्थांस वगळले असले, तरी भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाची माहिती त्या वगळणुकीतून बाहेर काढलेली आहे. म्हणजे काही झडती घेता येते हे तत्त्व संसदेस २००५ सालीच मान्य झालेले आहे. ते पुढे नेण्याचे काम न्यायालयांवर सोपवून चालणार नाही. गुप्तचर संस्थांवर संसदेची देखरेख मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली फेटाळली. ते काम संसदेचे आहे आणि संसदेनेच ते केले पाहिजे.

म्हणून या टापूच्या भोवतीच्या चार मतदारसंघांतील, म्हणजे खंडवा, रावेर, बुलढाणा व अमरावती येथील खासदारांस आम्ही या अंकाची प्रत व सोबत एक पत्र धाडीत आहोत. पत्रात प्रश्न एकच आहे, आणि तो आमचा नाही. डोईफोडियाच्या पारावर विचारला गेला त्याच शब्दांत तो उतरविला आहे. चौघांपैकी ज्यांचे उत्तर येईल, ते याच पानावर जसेच्या तसे छापू. वही घेऊन येणारे ते गृहस्थ आमचे वर्गणीदार आहेत किंवा कसे, ठाऊक नाही. त्यांच्यासाठी एक अंक पारावर ठेवण्यास सांगितले आहे.